मृग लागायच्या आत : दमा असलेल्या घरानं करायची तयारी

जूनचा दुसरा आठवडा होता. पहिला पाऊस पडून तीन दिवस झाले होते. मग उघाड पडली आणि अंगाला कपडा चिकटेल अशी उमस सुटली. रात्री दोनच्या सुमारास आई खाटेवर उठून बसली. कुलर पूर्ण वेगात सुरू, खिडक्या बंद आणि खोलीत ओल्या ताट्यांचा कुबट वास. "काही नाही, थोडा दम लागून राहिला," ती म्हणाली. पण 'थोडा' आणि 'दम' या दोन शब्दांच्या मधे तिला श्वास घ्यावा लागला. दम लागल्यावर ओढायचा निळा पंप कोनाड्यात होता. दोनदा दाबला, तर नुसता फुस्स आवाज. तो संपलेला आहे हे आम्हाला त्या रात्री कळलं.

शेजाऱ्याच्या गाडीतून तालुक्याला नेलं, ऑक्सिजन आणि नेब्युलायझर लागलं, सकाळी ती बोलायला लागली. त्यानंतर मी डॉक्टरांना, आशाताईंना, औषधाच्या दुकानदाराला विचारत गेलो, आणि दर वर्षी आमच्या घरात काय केल्यानं फरक पडतो ते पाहत गेलो. तेच इथे सविस्तर लिहितो आहे.

आधी हवा ओळखा

आपल्याकडे विदर्भात उन्हाळे दोन असतात. एक एप्रिल-मेचा, रोहिणीपर्यंतचा. ऊन ४५ अंशांवर, पण हवा खडखडीत कोरडी. मे महिन्यातल्या दुपारी आर्द्रता कित्येकदा २० टक्क्यांच्याही खाली असते. दुसरा उन्हाळा मृगाच्या आसपास सुरू होतो. पारा उतरतो, पण हवेत पाणी भरतं. पावसानं दडी मारली की तो आणखी वाढतो आणि पोळ्यापर्यंत अधूनमधून डोकं वर काढतच राहतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाच्या बांध्यांत आणि तलावांत पाणी साचलेलं असतं, त्यामुळे तिकडे ही उमस जास्त दिवस टिकते.

गरम आणि दमट हवा एकत्र श्वासात गेली की दमेकऱ्याच्या श्वासनलिकांतले मज्जातंतू चेतवले जातात आणि नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात. म्हणून उमस असलेल्या दिवशी काही न करता बसलेल्या माणसालाही छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं. दुसरं कारण अंथरुणात असतं. धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे, ज्यांना धूळकण-माइट म्हणतात, ते पाणी पीत नाहीत, हवेतलाच ओलावा शोषतात. आर्द्रता ५० टक्क्यांखाली राहिली तर ते वाळून मरतात, सत्तर-ऐंशीवर गेली की भराभर वाढतात. भिंतीवरच्या बुरशीचंही तसंच. आणि तिसरं म्हणजे ओल्या सरपणाचा धूर.

हवेतला ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, पण ते नसलं तरी अडत नाही. मिठाला पाणी सुटलं, पापड मऊ पडले, आगपेटीची काडी दोनदा घासूनही पेटेना, की समजा दुसरा उन्हाळा लागला. आमच्या घरी मिठाची बरणी हीच खूण आहे. आई सकाळी झाकण उघडून पाहते आणि त्यावर त्या दिवशी कुलरमध्ये पाणी टाकायचं की नाही ते ठरतं.

मे महिन्यातच : रोजचा पंप बंद करू नका

सगळ्यात जास्त चूक इथे होते, आमचीही झाली होती. मे महिन्यात हवा कोरडी, बऱ्याच जणांची छाती मोकळी राहते, म्हणून रोजचा पंप सुटतो. "आता काही होत नाही, कशाला ओढायचा?" पण दम्याचे पंप दोन प्रकारचे असतात, हे घरातल्या प्रत्येकाला कळलं पाहिजे. एक तातडीचा, साल्ब्युटामॉलचा, बहुतेक वेळा निळा. तो आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतो आणि चार-सहा तासांनी त्याचा असर जातो. दुसरा रोजचा. त्यात श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड असतं आणि ते नळ्यांची आतली सूज उतरवतं. ही सूज उतरायला दिवस लागतात, पूर्ण असर यायला कधी काही आठवडे. मृगात दम लागल्यावर तो सुरू केला तर उशीर झालेला असतो.

निळ्या पंपानं लगेच बरं वाटतं, म्हणून माणसं त्याच्यावरच राहतात. दम्यासाठीच्या 'जीना' या जागतिक मार्गदर्शक सूचना २०१९ पासून स्पष्ट सांगतात की मोठ्या माणसांनी नुसत्या निळ्या पंपावर राहू नये. आता काही डॉक्टर रोजलाही आणि दम लागल्यावरही वापरता येईल असा एकच पंप देतात. तुमचा कुठला आहे ते विचारून घ्या आणि डब्यावर मराठीत लिहून ठेवा : 'रोज सकाळ-संध्याकाळ' किंवा 'दम लागला तर'.

तातडीचा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस लागतो, रात्री दम्यानं जाग येते, पाण्याची घागर आणताना थांबावं लागतं, यांतलं एकही असेल तर दमा ताब्यात नाही. वर्षाला तीन किंवा जास्त निळे पंप संपत असतील तर तेही धोक्याचंच. मेच्या शेवटच्या आठवड्यात, पेरणीची धांदल सुरू व्हायच्या आत, एकदा डॉक्टरांकडे जाऊन या. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी-उपचार निःशुल्क आहेत. हवा असलेला पंप तिथे आत्ता आहे का हे आशाताईंना आधी विचारून निघालं तर हेलपाटा वाचतो.

पंप ओढायची रीत

आईला दहा वर्षं पंप होता आणि दहा वर्षं ती चुकीचा ओढत होती. औषध जिभेवर बसायचं, छातीत जायचंच नाही.

फवाऱ्याचा पंप असेल तर तो आधी हलवा. श्वास पूर्ण बाहेर सोडा. ओठ घट्ट लावा, हळू श्वास आत घ्यायला सुरुवात करा आणि त्याच क्षणी एकदा दाबा. श्वास सावकाश, खोल, छाती भरेपर्यंत ओढा. मग दहा आकडे मोजेपर्यंत धरून ठेवा. दुसरा फवारा अर्ध्या-एक मिनिटानं. कॅप्सूल टाकून ओढायच्या यंत्राची, म्हणजे रोटाहेलरसारख्याची, रीत याच्या उलट आहे : त्यात श्वास जोरात आणि एकदम ओढायचा, कारण भुकटी तुमच्याच श्वासानं उडते. दोन्हींची सरमिसळ झाली की औषध वाया जातं. रोजचा पंप घेतल्यावर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंड येतं.

लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांना दाबणं आणि ओढणं एकाच वेळी जमत नाही. त्यांना स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्या मधे लावायची पोकळ नळी, लागतो. विकतचा नसेल तर अर्ध्या लिटरची थंड पेयाची प्लास्टिकची बाटली चालते. बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडायचं, पंप त्यात गच्च बसवायचा, बाजूनं हवा जाईल तिथे चिकटपट्टी लावायची. बाटलीचं तोंड रोग्याच्या तोंडात, पंप एकदा दाबायचा आणि शांतपणे चार-सहा श्वास घ्यायचे. हा जुगाड वाटेल, पण जिथे स्पेसर मिळत नाही तिथे डॉक्टरच तो सुचवतात. बाटली साबणाच्या पाण्यात धुवा आणि पुसू नका, हवेवर वाळू द्या. पुसली की प्लास्टिकला वीज चढते आणि औषध आतच चिकटतं. अगदी लहान लेकराला मात्र तोंडा-नाकावर बसणारा मास्क लागतो, तो दवाखान्यातून घ्या.

पंप ठेवायचा कुठे

बहुतेक पंपांवर '३० अंशांच्या खाली ठेवा' असं छापलेलं असतं. आमचा कोनाडा टिनाच्या लगत होता. मेच्या दुपारी तिथला पंप हाताला चटका देईल इतका तापायचा. अशा तापलेल्या पंपाचा फवारा नीट मापात येईल याचा भरवसा राहत नाही, आणि फारच तापला तर डबी फुटूही शकते. मोटारसायकलच्या डिक्कीत किंवा वावरातल्या झोपडीच्या पत्र्याखाली तर मुळीच ठेवू नये.

घरातली सगळ्यात थंड जागा माठाजवळची जमीन. तिथे वीटभर उंचीवर, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात पंप ठेवा. फ्रिज असला तरी त्यात नको, गार पंपाचा फवारा नीट येत नाही. पावसाळ्यात कॅप्सूलची जास्त काळजी घ्या. ओल लागली की कॅप्सूल मऊ पडते आणि भुकटीच्या गुठळ्या होतात. एका वेळी एकच काढा, बाटलीचं झाकण लगेच लावा, यंत्रात फुंकर मारू नका.

आणि मोजणी ठेवा. फवाऱ्याच्या पंपात साधारण २०० फवारे असतात. आकडा दाखवणारा काटा नसेल तर खोक्यावर पेन्सिलीनं रेघ मारत जा, दुधाच्या हिशोबासारखी. हलवून पाहिल्यानं काही कळत नाही, औषध संपल्यावरही आतला वायू फुस्स करतोच. तातडीच्या पंपाचे दीडशे फवारे वापरून झाले की दुसरा आणून ठेवायचा, हा आमच्या घरचा नियम आहे. बरेच दिवस वापरला नसेल तर आधी एक-दोन फवारे हवेत सोडून बघा.

मेचं ऊन वापरून घ्या

हे ऊन त्रास देतं तसं औषधही आहे. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत गाद्या, वाकळा, उशा लागोपाठ तीन-चार दुपारी कडक उन्हात टाका, दोन्ही बाजूंनी. माइट त्या कोरड्या तापात टिकत नाहीत. पण त्यांची विष्ठा आणि मेलेले अवशेष कापडातच राहतात आणि खरी ॲलर्जी त्याचीच असते. म्हणून धुण्यासारखं आहे ते गरम पाण्यात धुवा आणि बाकीचं अंगणाच्या पार टोकाला झटका. दमेकऱ्यानं झटकायचं नाही. त्या वेळी त्यानं घरातही थांबू नये, शेजारी जाऊन बसावं.

झोपायच्या खोलीत सोयाबीनचे कट्टे, तूर, बाजारभावाची वाट बघत ठेवलेला कापूस असेल तर तो पावसाच्या आत दुसरीकडे हलवा. जागा कमी असते, मला माहीत आहे. मग निदान दमेकऱ्याची खाट त्या खोलीतून हलवा. भिंतीचा खालचा हातभर भाग ओल धरतो, तिथे आत्ताच खरवडून चुना द्या. फुटलेली कवेलू, टिनाची भोकं पहिल्या पावसाआधी बुजवा.

आणि सरपण. पराट्या, तुराट्या, गोवऱ्या पावसाआधी कोरड्या जागी, गोठ्याच्या बाजूला, जमिनीपासून उंच रचा आणि वर ताडपत्री टाका. उन्हाळ्यात छपरीतली चूल जूनमध्ये घरात येते आणि ओलं लाकूड जाळलं की सगळं घर धुरानं भरतं. सिलेंडर एकच असेल तर तो या दोन-अडीच महिन्यांसाठी राखून ठेवावा असं मी म्हणेन. उन्हाळ्यात उघड्यावर चूल चालते, पावसाळ्यात ती दमेकऱ्याच्या उशाशी येते. मच्छर अगरबत्ती आणि कडुनिंबाचा धूरही नको, मच्छरदाणी लावा.

कुलर कधी मित्र, कधी वैरी

कुलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो. कोरड्या हवेत तो झकास चालतो, फक्त समोरची एक खिडकी उघडी हवी, म्हणजे ओली हवा बाहेर पडते. हवा आधीच ओली असली की पाण्याची वाफ होत नाही, खोली गार होत नाही, नुसती दमट होते. त्या रात्री आमच्या खोलीत तेच झालं होतं.

मेमध्ये दर आठ दिवसांनी टाकी रिकामी करून घासा, उन्हात वाळवा. ताट्या काळ्या-हिरव्या पडल्या, कुबट वास यायला लागला, की मागच्या वर्षीच्याच का असेनात, फेकून द्या. नव्या ताट्यांना पैसे लागतात, पण बुरशीवरून येणारी हवा रात्रभर छातीत जाण्यापेक्षा ते परवडतं. मिठाला पाणी सुटलं की कुलरचा पंप बंद करा आणि नुसता पंखा चालवा, खिडक्या उघड्या ठेवून.

पंख्याचीही मर्यादा आहे. हवा ४० अंशांच्या वर असेल तर पंखा अंगावर गरम झळाच फेकतो, तेव्हा ओला दुपट्टा मानेवर, हातापायांवर फिरवत राहणं जास्त कामाचं.

वावरात आणि वाटेवर

मे महिन्यात दहाच्या आत घरी, हे सगळ्यांना माहीत आहे. पाणी, ताक, पन्हं चालू ठेवा. जास्त घाम गेला तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मोहफुलं वेचण्यासाठी पाला जाळतात तिकडे आणि धुऱ्यावर पराट्या पेटवलेल्या असतील तिकडे दमेकऱ्यानं जाऊ नये.

जूनपासून वेगळा विचार करावा लागतो. पाऊस पडून कडक ऊन पडलं की काळ्या जमिनीतून वाफ उठते, तेव्हा निंदण-डवरणीचं काम दमेकऱ्यानं टाळावं. ढगाळ, वारा असलेल्या वेळी करावं, दर अर्ध्या तासानं थांबावं. पंप घरी नाही, कमरेच्या पिशवीत. विजा-वादळ येताना वाऱ्यानं उडालेले परागकण ओल लागून फुटतात आणि त्यांचे बारीक कण खोल छातीत जातात. मेलबर्नमध्ये २१ नोव्हेंबर २०१६ ला अशाच वादळानंतर हजारो लोकांना दम लागला आणि दहा जण दगावले. आपल्याकडे पावसाळ्यात गाजरगवत फुलतं. घराभोवतीचं फुलोऱ्यावर यायच्या आत दुसऱ्या कोणाकडून उपटून घ्या, आणि वादळवारं सुटलं की घरात येऊन दारं-खिडक्या लावा.

पिकावर कीटकनाशकाची फवारणी दमेकऱ्यानं करायचीच नाही. इथे मी तडजोड सांगणार नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी आणि दमट, कोंदट हवा, त्यात औषध श्वासातून आणि घामेजल्या कातडीतून आत जातं. काही कीटकनाशकांनी छाती अगदी दम्यासारखीच वाजते. पण दम लागण्याबरोबर लाळ गळत असेल, डोळ्यांतून पाणी येत असेल, बाहुल्या बारीक झाल्या असतील, अंग फडफडत असेल, तर ती विषबाधा समजा. कपडे काढा, अंग साबणानं धुवा आणि फवारणीच्या औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा.

कामाच्या थकव्यावर किराणा दुकानातून घेतलेली अंगदुखीची गोळीही काही दमेकऱ्यांना बाधते. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी दम उठू शकतो. पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं. रक्तदाबाची, काचबिंदूची औषधं घेताना 'मला दमा आहे' हे डॉक्टरांना सांगा, त्यांतल्या काहींनी दमा वाढतो.

मृगाला हैदराबादला माशातून औषध घ्यायला आपल्याकडूनही माणसं जातात. त्यानं दमा बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही. म्हातारी माणसं श्रद्धेनं जातात, त्यांच्याशी भांडून उपयोग नसतो. मी एवढंच म्हणतो : पंप सोबत न्या आणि परत आल्यावर रोजचं औषध सोडू नका. ज्यात काय आहे ते कोणी सांगत नाही अशा दम्याच्या पुड्या मात्र घेऊ नका. त्यांत पंपातलं नव्हे, तर पोटात जाणारं, बिनमापाचं स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं. बरं वाटतं ते त्याच्यामुळे, आणि पुढे साखर, हाडं, डोळे बिघडतात तेही त्याच्यामुळेच.

दम लागलाच तर

हा भाग कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावा. डॉक्टरांनी वेगळं लिहून दिलं असेल तर तेच लावा.

१. सरळ बसवा, किंचित पुढे झुकून, हात गुडघ्यांवर. आडवं करू नका. गर्दी हटवा, दार-खिडकी उघडा, गळ्याजवळचे कपडे सैल करा.

२. निळा पंप, स्पेसरमधून : एक फवारा, चार श्वास. असे एकेक करून चार फवारे.

३. चार मिनिटं थांबा. फरक नसेल तर पुन्हा चार फवारे.

४. तरीही नसेल तर १०८ लावा. गाडी येईपर्यंत दर चार मिनिटांनी चार फवारे देत राहा.

एका दमात वाक्य पूर्ण होत नाही, गळ्याखाली आणि बरगड्यांमध्ये खळगे पडतात, ओठ निळसर होतात, माणूस गुंगतो, यांतलं काहीही दिसलं तर दुसऱ्या फेरीचीही वाट पाहू नका, आधी गाडी बोलवा. वाजणारी छाती एकाएकी शांत झाली आणि माणूस थकत चालला, तर ते बरं होणं नाही. नळ्यांतून हवाच जात नाही म्हणून आवाज बंद झालेला असतो. वाफारा देऊ नका, कापूर हुंगवू नका, तोंडात काही घालू नका.

गाडीची व्यवस्था आधी ठरलेली हवी. गावात रात्री कोणाची गाडी निघू शकते, अशा दोन जणांचे नंबर त्याच कागदावर लिहा. आमच्या गावाच्या वाटेवर नाला आहे, जोराचा पाऊस झाला की पुलावरून पाणी जातं आणि चार-सहा तास कोणी हलू शकत नाही. म्हणून पावसाची झड लागलेली असताना सकाळपासून निळा पंप तिसऱ्यांदा लागला, की आम्ही संध्याकाळची वाट पाहत नाही. नाला चढायच्या आत आईला तालुक्याला मावशीकडे नेऊन ठेवतो. दोनदा असं नेलं. एकदा काहीच झालं नाही, ती मावशीशी गप्पा मारून परत आली. दुसऱ्यांदा रात्री दवाखान्यात न्यावं लागलं, आणि तेव्हा दवाखाना दहा मिनिटांवर होता.